तेरा गोळ्या, दोन टाचा

ज्या सकाळी आबांच्या उजव्या टाचेमागची शीर, म्हणजे पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी बांधणारी दोरी, तुटली, त्याच्या पाच दिवस आधी ते माझ्याकडे येऊन गेले होते. दोन्ही टाचा मागून दुखतात, एवढीच तक्रार होती. मी तपासलं, शेक दिला, व्यायाम शिकवले आणि घरी पाठवलं. त्या दिवशी एक प्रश्न विचारला असता तर पुढचं कदाचित टळलं असतं. तो मी विचारला नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. आबांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आबा ६८ वर्षांचे, फलटण तालुक्यातले शेतकरी. वजन ५४ किलो, अंगकाठी सडसडीत. तंबाखूची सवय सुटून बारा वर्षं झालेली, पण तरुणपणीच्या विड्यांनी फुफ्फुसं खराब केलेली, त्यामुळे दम्याचा पंप कायमचा. तोही नियमाने नाही, धाप लागली की तेवढ्यापुरता. मधुमेह नाही. आळंदी ते पंढरपूर पायी वारी पंचवीसहून जास्त वर्षं, मध्ये करोनाच्या काळात खंड पडला तेवढाच. चालणं हा या माणसाचा श्वास आहे. हे आधीच सांगायला हवं, कारण याच गोष्टीने आम्हा सगळ्यांची दिशाभूल केली. रोज चालणाऱ्या माणसाची टाच दुखली तर ती चालण्यानेच दुखते, असं आपण धरून चालतो.

पहिली भेट

जेठ महिना तोंडावर होता. वारीला जेमतेम तीन आठवडे उरलेले. आबा म्हणाले, "मॅडम, चार दिस झालं, सकाळी उठलं की टाच टेकवत नाही. रातचं दारं धरायला गेलतो, चिखलात पाय वढत व्हतो, त्यानंच आसंल." कारणाची चिठ्ठी त्यांनी स्वतःच लिहून आणली होती आणि मी ती वाचून सही केली.

तपासणीत दोन्ही बाजूंना टाचेच्या हाडापासून साधारण चार सेंटिमीटर वर बोट दाबलं की दुखत होतं. उजवीकडे किंचित सूज, त्वचा थोडी गरम. पोटावर झोपवून पोटऱ्या दाबल्या, दोन्ही पावलं व्यवस्थित खाली वळली, म्हणजे शिरा शाबूत होत्या. मी विचारलं, मार लागला का? चपला बदलल्या का? शुगर आहे का? कायमची काही औषधं? ते म्हणाले, "पंप हाय फकस्त." मी वहीत लिहिलं: नियमित औषधे, इन्हेलर. दोन्ही टाचा एकाच वेळी, मार न लागता, चार-पाच दिवसांत अचानक दुखू लागतात, हे खरं तर मला खटकायला हवं होतं. चिखलात पाय ओढला तर सहसा एकच बाजू दुखते.

उपचार मी नेहमीचेच दिले. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची, पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. शीर जुनाट दुखत असेल तेव्हा हा व्यायाम उत्तम असतो. सोबत पोटरीचा ताण आणि गरम शेक. वारीला जायचंय म्हणून ते उत्साहाने करणार हे मला माहीत होतं, आणि त्यांनी केलंही.

चौदावा दिवस

दिवस मी गोळ्या सुरू झाल्यापासून मोजते आहे, म्हणजे आबा माझ्याकडे आले तो नववा. हा हिशोब अर्थातच मला नंतर कळला.

चौदाव्या दिवशी सकाळी ते शेताच्या बांधावर चढत होते. बांध गुडघाभर उंचीचा. उजव्या पायावर भार दिला आणि मागून "फाट्" असा आवाज आला. "मागनं कुणीतरी दांडकं घातल्यागत झालं. वळून बघितलं तर कुणीच नाही." ही शीर तुटलेले रुग्ण हेच, जवळजवळ याच शब्दांत सांगतात. कुणाला दगड लागल्यासारखं वाटतं, कुणाला लाथ बसल्यासारखं. त्यानंतर दुखणं बरंचसं ओसरतं आणि माणूस लंगडत का होईना चालू शकतो. बसल्या बसल्या पाऊल थोडं खालीही वळवता येतं, कारण बोटं वाकवणारे खोलवरचे स्नायू मदतीला असतात. त्यामुळे "मोडलं नाही, मुरगळलंय" असं म्हणून तेल लावून पट्टी बांधण्यात दिवस जातात. आबांच्या सुनेने ते केलं नाही. तिने त्यांना मोटारसायकलवर बसवून थेट आणलं.

यावेळी उजवी पोटरी दाबली तर पाऊल जागचं हललं नाही. टाचेच्या वर बोट फिरवलं तर जिथे ताठ दोरी लागायला हवी तिथे खड्डा लागला. सोनोग्राफीत उजवी शीर पूर्ण तुटलेली दिसली, हाडापासून पाच सेंटिमीटरवर. डावी सलग होती, पण मधोमध जाड झालेली आणि तिचे तंतू विस्कटलेले. म्हणजे डावीही त्याच वाटेवर होती.

पिशवी

मी सुनेला विचारलं, "गेल्या महिन्याभरात आबांनी काय काय गोळ्या घेतल्या? ताप, खोकला, जुलाब, कशाच्याही." तिने गाडीच्या डिकीतून मेडिकलची पांढरी कॅरीबॅग आणली. हा प्रश्न मी नवव्या दिवशी विचारायला हवा होता. "कायमची औषधं कोणती" असं विचारलं की लोक रक्तदाबाची आणि शुगरची सांगतात. आठ दिवसांची अँटिबायोटिक त्यांच्या लेखी औषध नसतं, आलेल्या आजारासोबत आलेलं आणि गेलेलं काहीतरी असतं. आबा तर त्यावेळी ती घेतच होते, तरीही त्यांना ते सांगावंसं वाटलं नाही.

पिशवीत दोन चिठ्ठ्या आणि काही पाकिटं होती. पंधरवड्यापूर्वी खोकला वाढला, पिवळा बेडका पडू लागला, म्हणून गावातल्या डॉक्टरांनी लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ७५० मिलिग्रॅम रोज एक, सात दिवस, आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ४० मिलिग्रॅम पाच दिवस असं लिहून दिलं होतं. आठव्या दिवशी खोकला थोडा उरला होता, तेव्हा आबांनी दुकानात तीच चिठ्ठी दाखवली आणि दोन्ही गोळ्या पुन्हा सात-सात दिवसांच्या आणल्या. अँटिबायोटिकच्या तेरा गोळ्या पोटात गेल्या होत्या. एक पाकिटात शिल्लक होती.

पाचव्या दिवशी टाचा दुखू लागल्या होत्या. नवव्या दिवशी मी त्यांना पायरीवर उभं केलं. त्यानंतरचे पाच दिवस तीन गोष्टी एकत्र चालू राहिल्या: शिरेला कमजोर करणारी गोळी, तिच्या जोडीला स्टिरॉइड, आणि त्या शिरेवर मी दिलेला व्यायामाचा भार.

रक्ताची तपासणी केली तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक, १.६ आलं. वय आणि वजन धरून हिशोब केला तर मूत्रपिंडांचं काम मिनिटाला साधारण ३४ मिलिलिटर एवढंच. लेव्होफ्लॉक्सासिन बहुतांश मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडतं. एवढ्या कमी क्षमतेला ७५० ची गोळी रोज देत नाहीत, एक दिवसाआड देतात. म्हणजे आबांच्या अंगात औषध रोज साचत होतं. हे आधी कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण क्रिएटिनिन कधी तपासलंच नव्हतं.

गोळी शिरेला काय करते

सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन ही सगळी एका घराण्यातली औषधं, फ्लुरोक्विनोलोन. पाकिटावर कंपनीचं नाव ठळक असतं, त्याखालच्या बारीक अक्षरांत "फ्लॉक्सासिन" असा शेवट दिसला की ते हेच घराणं. त्याचा मूळपुरुष नॅलिडिक्सिक ॲसिड. मलेरियावरचं क्लोरोक्विन बनवताना हाती आलेल्या एका उपपदार्थातून ते निघालं आणि १९६० च्या दशकात वापरात आलं. जंतूंचा डीएनए उलगडणारं यंत्र ही औषधं अडवतात आणि जंतू मरतात.

शिरेचं नुकसान वेगळ्या वाटेने होतं. शीर, म्हणजे वैद्यकीय भाषेत कंडरा, ही स्नायूला हाडाशी बांधणारी कोलॅजेन तंतूंची दोरी. ती निर्जीव नसते. तिच्यात विखुरलेल्या पेशी जुने तंतू काढत असतात, नवे विणत असतात. शेतातला पाट कसा सतत निगराणीवर टिकतो तसंच हे. प्रयोगशाळेत या पेशींवर सिप्रोफ्लॉक्सासिन टाकलं तेव्हा पेशींची वाढ मंदावली, कोलॅजेन कमी बनलं आणि आहे ते तोडणाऱ्या विकरांचं काम वाढलं. ही औषधं मॅग्नेशियमला घट्ट धरून ठेवतात आणि पेशींच्या ऊर्जाघरांवर ताण आणतात, हीही कारणं अभ्यासकांनी मांडली आहेत. स्टिरॉइडही कोलॅजेनची वीण मंद करतं. दोन्ही एकत्र आली की दुरुस्ती दोन्हीकडून थांबते.

मग टाचेचीच शीर का? ती शरीरातली सर्वांत जाड आणि मजबूत, पण भारही तिच्यावरच सर्वांत जास्त. शिवाय हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात तिला रक्तपुरवठा तोकडा. आबांची शीर नेमकी तिथेच तुटली. खांद्याच्या, हाताच्या, मांडीच्या शिराही दुखावतात, पण टाचेइतक्या नाहीत.

हे ज्ञान नवं नाही. १९८३ साली न्यूझीलंडमधून नॉरफ्लॉक्सासिन घेणाऱ्या मूत्रपिंड-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या टाचेच्या शिरा दुखावल्याची नोंद प्रसिद्ध झाली. त्या रुग्णांना स्टिरॉइड चालू असतंच, हे आता वाचताना अंगावर येतं. २००२ साली ब्रिटनमधल्या वैद्यकीय नोंदींवरून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साठ किंवा त्याहून जास्त वयाच्या लोकांत या गोळ्यांनी टाचेच्या शिरेच्या विकारांचा धोका सुमारे ३.२ पट, आणि सोबत स्टिरॉइड असेल तर ६.२ पट दिसला. जुलै २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांच्या माहितीपत्रकावर सर्वांत कडक, काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. २०१६ मध्ये त्यांनीच सांगितलं की साधा सायनस, श्वासनलिकेची साधी सूज आणि साधा मूत्रमार्गाचा संसर्ग यांना दुसरा पर्याय असेल तर ही औषधं देऊ नका. युरोपात २०१८-१९ मध्ये असेच निर्बंध आले, आणि ब्रिटनने जानेवारी २०२४ मध्ये तर इतर योग्य अँटिबायोटिक चालत नसतील तेव्हाच वापरा, इतपत कडक सूचना काढली.

आपल्याकडे १ मार्च २०१४ पासून लेव्होफ्लॉक्सासिन एच-वन यादीत आहे. चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव लिहायचं, ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. एक चिठ्ठी दोनदा चालली ती या नियमाला डावलूनच. पण मी फक्त दुकानदाराला बोल लावू शकत नाही. साखळीत मीही होते.

एक गोष्ट इथे ठासून सांगते. ही औषधं वाईट नाहीत. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात लेव्होफ्लॉक्सासिन हा उपचारांचा कणा आहे, आणि काही गंभीर संसर्गांत त्याला तोड नाही. घेणाऱ्या बहुतेकांच्या शिरांना काहीही होत नाही. क्षयरोगाच्या रुग्णाने हे वाचून गोळी मनाने बंद केली तर जिवावर बेतेल. टाच किंवा खांदा दुखू लागला तर त्याने त्याच दिवशी उपचार देणाऱ्या केंद्रात सांगावं, निर्णय त्यांनी घ्यावा. साध्या खोकल्याची गोष्ट वेगळी. तिथे पर्याय असतात. दुखणं सुरू झालं की गोळी थांबवून डॉक्टरांना लगेच फोन करायचा आणि त्या पायाला विश्रांती द्यायची. दुखणं पहिल्या काही तासांतही येऊ शकतं आणि गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनीही.

चार गुण की पाच

औषधानेच झालं का, हे ठरवायला नारांहो यांची १९८१ सालची दहा प्रश्नांची मोजपट्टी वापरतात. एक ते चार गुण आले तर "शक्य", पाच ते आठ "बहुधा", नऊ किंवा जास्त "निश्चित". आधीच्या नोंदी आहेत, १ गुण. त्रास गोळीनंतर सुरू झाला, २. गोळी थांबवल्यावर डावा पाय सुधारू लागला, १. सोनोग्राफीत पुरावा, १. दुसरं कारण असू शकतं का? स्टिरॉइड आणि माझा व्यायाम, म्हणून उणे १. बेरीज चार.

एक प्रश्न राहिला होता: पूर्वी याच किंवा अशाच औषधाने असाच त्रास झाला होता का? आबा नाही म्हणाले. मी पिशवीतली दुसरी चिठ्ठी उघडली. दोन वर्षांपूर्वीची, घडीवर पिवळी पडलेली, वारीतल्या एका वैद्यकीय शिबिराची: सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोलची एकत्र गोळी, जुलाबासाठी. मी ती वाचून दाखवली तशी आबांच्या पत्नी म्हणाल्या, "आवो, त्याच साली नातेपुत्याच्या फुडं तुमच्या टाचा धरल्या व्हत्या की! माळशिरसला टेंपोत बसवलं, इसरला?"

आबांना आठवलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ते टेंपोत बसले होते, आणि याची त्यांना इतकी खंत होती की त्यांनी ती गोष्ट मनाआड केली होती. पांडुरंगाला पायी यायचं कबूल करून मी वाहनात बसलो, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. चूक त्यांची नव्हती हे दोन वर्षं त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण कुणालाच ते माहीत नव्हतं.

त्या प्रश्नाला गुण दिला तर बेरीज पाच, म्हणजे "बहुधा". रोज वीस किलोमीटर चालूनही टाचा दुखू शकतात, म्हणून मी अहवालात चार आणि पाच असे दोन्ही आकडे कारणासह लिहिले. माझं स्वतःचं मत पाचाचं आहे.

ज्यांनी पहिली चिठ्ठी लिहिली त्या डॉक्टरांना मी फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, क्रिएटिनिनचा आकडा पुन्हा विचारला आणि आबांच्या केसपेपरवर लाल शाईने नोंद केली. भारतीय औषधसंहिता आयोगाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा दुष्परिणाम नोंदवण्याचा फॉर्म आम्ही दोघांनी मिळून भरला. हा फॉर्म रुग्णालाही भरता येतो, १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर फोन करूनही नोंद देता येते.

उजवा आणि डावा

अस्थिरोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रिया टाळली. फुफ्फुसं अशक्त, अंगात स्टिरॉइड, जखम भरायला त्रास होण्याची भीती. उजवं पाऊल खाली वळवून दोन आठवडे प्लास्टर, मग टाचेखाली उंच पाचरी घातलेला बूट, दर काही दिवसांनी एक पाचर कमी. फिजिशियननी स्टिरॉइडच्या गोळ्या बंद केल्या, पंप दोन वेळा नियमाने घ्यायला लावला आणि पुढे खोकला वाढलाच तर दुसऱ्या घराण्यातलं अँटिबायोटिक द्यावं असं लिहून ठेवलं.

डाव्या पायाची जबाबदारी माझ्याकडे होती. ज्या पायाचा प्रश्न वेळेत विचारला गेला तो हा. अडचण अशी की उजवा निकामी असताना सगळा भार याच दुखावलेल्या पायावर येणार. म्हणून पहिले चार आठवडे वॉकरशिवाय एक पाऊलही नाही, डाव्या चपलेत दीड सेंटिमीटरची उंच टाच, ताण नाही, पायरी नाही. आबांना बसवून ठेवणं फार कठीण गेलं. पालखी फलटणला आली त्या दिवशी त्यांनी माझ्याशी बोलणं टाळलं. मुलाने त्यांना खुर्चीत बसवून रस्त्याच्या कडेला नेलं, माउलींचा रथ गेला, आणि ते बराच वेळ हात जोडून बसून राहिले.

पाचव्या आठवड्यात बसून टाच उचलणं सुरू केलं, तेही दुखलं तर थांबायचं या अटीवर. आठव्या आठवड्यात आधार धरून उभ्याने. या गोळ्यांनी दुखावलेली शीर नेहमीच्या दुखापतीपेक्षा हट्टी असते. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा धरते. मी नेहमीच्या निम्म्या वेगाने पुढे गेले. बाराव्या आठवड्यात डावी टाच दाबून दुखत नव्हती आणि सोनोग्राफीत जाडी कमी झाली होती. उजवा बूट त्याच सुमारास निघाला.

आबांच्या खिशात आता एक लॅमिनेट केलेलं कार्ड असतं. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलंय की फ्लॉक्सासिन गटातली कुठलीही गोळी किंवा इंजेक्शन देऊ नये, शीर तुटली आहे, मूत्रपिंडं कमजोर आहेत. पुढच्या वर्षी ते वारीला गेले, बहुतेक वाट दिंडीच्या ट्रकमधून, आणि वाखरी ते पंढरपूर पायी. वाटेत पोट बिघडलं तेव्हा शिबिरातल्या तरुण डॉक्टरांनी कार्ड वाचलं, हातातलं पाकीट परत ठेवलं आणि क्षार-साखरेची पाकिटं दिली. आबांनी तिथूनच फोन करून हे मला सांगितलं.

परवा ते तपासणीला आले होते. डाव्या पायावर एकट्याने उभं राहून टाच अकरा वेळा उचलतात. उजव्यावर तीन.